ज्या वर्षी पोळा फुटला नाही

पोळा आठ दिवसांवर आला की माझ्या घरात भांडण ठरलेलं. बायको म्हणते, आधी गोठा झाडा, मग झुली काढा. मी म्हणतो, आधी झुली काढतो, त्यांना ऊन दाखवू दे. वर्षभर पत्र्याच्या पेटीत कोंबलेली झूल बाहेर आली की डांबराच्या गोळ्या, उंदरांच्या लेंड्या आणि मागल्या पोळ्याचा गुलाल, सगळं एकदमच नाकात शिरतं. दोन शिंका येतात. यंदाही आल्या. दुसऱ्या शिंकेबरोबर सुदामभाऊ आठवला. आठवला म्हणजे काय, चार घरं सोडून राहतो तो, मेलाबिला नाही. पण पोळ्याचा सुदामभाऊ राहिला नाही, आणि त्यात माझाही हात आहे. हे आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. यंदा बोलून टाकतो, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

आमचं गाव शेलूबाजारहून जीपनं अर्ध्या तासाचं. जीप भरली तर. मी माळवं पिकवतो. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. बी.ए. झालो तेव्हा वाटलं होतं की आता आपण खुर्चीवर बसणार. बसलो, पण वाफ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. माझ्याकडे अजून बैलजोडी आहे, ढवळ्या आणि सर्जा, म्हणून पोरं मला जुना माणूस समजतात. समजोत. ज्या काळात पोळ्याला तोरणाखाली बैलांची दाटी इतकी व्हायची की माणसाला उभं राहायला शेपटांमधली जागा शोधावी लागे, तो काळ मी पाहिला आहे. आता ट्रॅक्टरला हार घालून आणतात आणि त्यालाच पोळा म्हणतात.

त्या दाटीत, शेणाच्या, घामाच्या आणि शिंगांच्या ओल्या रंगाच्या वासात झडती व्हायची. ज्यांच्याकडे हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंब्याच्या पानांचं तोरण गावाच्या तोंडाशी बांधतात, बैल रांगेनं उभे राहतात, आणि कुणीतरी पुढे होऊन दोन-चार खोचक ओळी म्हणतो. सरपंचावर, सावकारावर, जावयावर, सरकारवर, कुणावरही. शेवटी म्हणतो, ‘एक नमन गवरा पारबती, हर बोला!’ आणि सगळ्या गावानं एका तोंडानं म्हणायचं, ‘हर हर महादेव!’ हे उत्तर आलं की झडती पुरी झाली. उत्तर नाही तर ती झडतीच नाही, एका माणसाचं बडबडणं आहे. शेवटल्या झडतीचं उत्तर झालं की पोळा फुटतो, म्हणजे बैल घराकडे सुटतात. बैलांनाही हे पाठ असतं. माझा ढवळ्या तर ‘महादेव’मधला ‘म’ ऐकला की कासरा हिसकायचा.

सुदामभाऊ आमच्या गावचा झडतीवाला. चार एकर कोरडवाहू, पीक हुकलं की दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. पण जीभ! माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, तरी मला कधी सोडलं नाही त्यानं. कॉलेज संपवून मी पहिल्यांदा बाजारात माळवं नेलं, त्या पोळ्याला भर तोरणाखाली माझ्याकडे बोट करून म्हणाला होता,

‘मेथीची जुडी, सांबाराची जुडी,
बी.ए. होऊन पल्हाद मारे वांग्यात बुडी!
एक नमन गवरा पारबती, हर बोला!’

गाव खो खो हसलं. सर्वांत मोठ्यानं ‘हर हर महादेव’ मीच म्हटलं, कारण नाही म्हटलं तर अजून चिडवतील. एका वर्षी रस्त्याचं काम घेतलेला ठेकेदारच पाहुणा म्हणून हजर होता. सुदामभाऊनं त्याच्या तोंडावर म्हटलं, ‘रस्ता केला डांबराचा, डांबर गेलं वाहून, पाहुने आले पोळ्याले, चिखलात बसले न्हाऊन.’ ठेकेदार लाल झाला, पण हसला, आणि उत्तराला त्याचंही तोंड उघडलं. पोळ्याला बोललेलं पोळ्यातच राहतं, हा आमचा कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुतेक सगळे पाळत होते.

त्याला एकुलता एक पोरगा, रोशन. मला रोशनची आठवण पावलांच्या आवाजानं येते. माझं वावर डांबरी रस्त्याला लागून आहे. पहाटे मेथी उपटायला बसलो की रस्त्यावरून धप धप धप आवाज यायचा. भरतीची पोरं. कमरेला दोरी, दोरीला जुना टायर, आणि टायर घासल्याचा तो खरखर आवाज. रोशन सगळ्यांच्या पुढे असायचा. परत फिरताना धुऱ्याजवळ थांबून माझ्या बादलीतलं पाणी तोंडावर मारायचा. मी म्हणायचो, ‘काहून रे, कोनी मागं लागलं का?’ तो म्हणायचा, ‘काका, छाती दोन बोटं कमी भरते. थे फुगली की झालं.’ दोन बोटांसाठी ते पोरगं दोन वर्षं धावलं. चणे भिजवून खायचं, मोबाईलवर सैनिकांची गाणी ऐकायचं, आणि पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याजवळ असं ताठ उभं राहायचं की मास्तरांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. देशप्रेम शिकवता येत नाही म्हणतात. पण भूक आणि देशप्रेम एकाच पोरात असेल तर त्यातलं कुठलं किती, हे त्याच्या आईलाही सांगता येणार नाही, आणि आपण विचारूही नये.

मग भरतीचा नियम बदलला. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर काहींना ठेवणार, बाकीच्यांनी घरी जायचं. पोरं भडकली. तालुक्याला मोर्चा निघाला. रोशनही निघाला होता, कपाळाला रुमाल बांधून. सुदामभाऊनं त्याला बकोटीला धरून माझ्या वावरात आणलं. ‘पल्हाद, याले निंदनाले लाव. संध्याकाळलोक सोडू नोको.’

रोशन तणतणला. ‘बाबा, आमच्या हक्काचं हाय थे!’

‘हक्क बिक्क राहू दे. पोलिसात एकदा नाव लागलं ना, मंग धाव जिंदगीभर टायर घेऊन. चार वर्स तर चार वर्स. बोलाचं असंन तर पोळ्याले मी बोलतो तुह्याकून. तू तोंड बंद ठेव.’

रोशन दिवसभर वांग्यात निंदत राहिला आणि तणाबरोबर माझी चार रोपंही उपटली. मोर्चात गेलेल्या दोघांवर केस झाली, ते अजून तारखा करतात. रोशन भरती झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं करून त्याची मिरवणूक काढली, फाट्यावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला, ‘आमच्या गावची शान’. कांतावयनी, म्हणजे सुदामभाऊची बायको, रडत रडत हसत होत्या. सुदामभाऊ माझ्या कानात म्हणाला, ‘सालदार लागला पोरगा. चार सालाचा.’ सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर वावरात राबायला ठेवलेला गडी. मी म्हटलं, ‘भाऊ, असं नोको म्हनू, देशाची चाकरी हाय.’ तो म्हणाला, ‘मंग मी काय वंगाळ बोललो? माह्या बापानं तीस वर्सं सालदारकी केली. मालकाच्या बैलावर त्याचा पोराएवढा जीव होता.’

हे सगळं सांगतो आहे, कारण पुढे लोक म्हणाले की सुदाम पहिल्यापासूनच देशाच्या विरोधात होता.

लढाई लागली ती रोशनच्या चौथ्या सालात, ऐन उन्हाळ्यात. वावरं नांगरून पडलेली, लोकांना काम नाही, वर लग्नसराई. पारावर टीव्ही आणून लावला. मी खोटं कशाला बोलू, मीही तिथे बसायचो. टीव्हीवरचा माणूस ओरडायचा की आता पुढे घुसलो, आता हे घेतलं, आता ते घेतलं. आम्ही टाळ्या वाजवायचो. एका नवरदेवाची वरात पारासमोर थांबली आणि बँडवाल्यानं देशभक्तीची धून धरली. नवरदेव घोड्यावरूनच सलाम करत होता. माझा ऊर भरून आला होता. अगदी खरं सांगतो, भरून आला होता. आणि त्याच वेळी चार घरं पलीकडे कांतावयनी मोबाईल मांडीवर ठेवून बसल्या होत्या, कारण रोशनचा फोन नऊ दिवसांपासून लागत नव्हता.

मी एकदा त्यांच्याकडे मेथीच्या जुड्या घेऊन गेलो. चूल गार होती. सुदामभाऊ ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळत होता. तो रिकामा असला की दोरच वळायचा. पारावरून टाळ्यांचा आवाज आला. कांतावयनी म्हणाल्या, ‘पल्हादभाऊ, टाळ्या वाजल्या की माहा हात मोबाईलवर जाते. थे काय झालं म्हनून वाजवून राह्यले?’ मी म्हटलं, ‘वयनी, आपले जिंकून राह्यले.’ त्यांनी विचारलं, ‘त्यात रोशन हाय का?’ मी मेथी खाली ठेवली आणि उठलो. त्या दिवसानंतर पारावर गेलो नाही असं सांगायला आवडलं असतं. गेलो. फक्त मागे बसायला लागलो.

लढाई जशी लागली तशीच एका संध्याकाळी थांबली. टीव्हीवरचा माणूस हिरमुसला. पारावरचीही दोन-चार पोरं हिरमुसली, अजून आठ दिवस पाहिजे होती म्हणाली. त्यांचा राग नाही आला मला, त्यांची कीव आली. रोशनचा फोन लागला. आवाज बसला होता. बापाशी तो फारसं बोलला नाही, एवढंच म्हणाला की त्याच्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला. दूर दक्षिणेकडचा होता, याची भाषा त्याला येत नव्हती, त्याची याला. दोघं खुणांनी बोलायचे आणि एकमेकांचे मोजे वापरायचे. ‘बाबा, त्याची पेटी मी भरली. घरी पाठवाची होती ना. मोजे कोनते त्याचे, कोनते माहे, समजतच नव्हतं.’

सुदामभाऊनं हे मला सांगितलं तेव्हा पेरणी चालू होती. त्यानं सांगितलं आणि तिफणीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. बैल वळून मागे पाहायला लागले. मी म्हटलं, ‘भाऊ, आपला तर वाचला ना.’ त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य मला गिळता आलं असतं तर मी गिळलं असतं.

मग श्रावण सरत आला, सोयाबीन कमरेला लागलं आणि पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांद शेकतात. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, तिथे हळद आणि लोणी चोळायचं. चोळताना बैलाला सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ गरम पाण्याचा, हळदीचा, लोण्याचा तो वास मला पुरणपोळीपेक्षाही आवडतो. त्या वर्षी मी ढवळ्याचा खांदा चोळत होतो आणि सुदामभाऊ आला. ढवळ्याच्या घट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘बंदुकीनं बी असाच घट्टा पडत असंन का बे?’ मी म्हटलं, ‘पडत असंन.’ तो म्हणाला, ‘उद्या झडती म्हनतो. मोठी हाय. उत्तर जोरानं द्या लेकहो.’ मी म्हटलं, ‘भाऊ, माह्यावर सोड. गावाच्या आधी मी.’

हे वाक्य मी म्हटलं होतं. लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी आभाळ दाटलेलं पण कोरडं होतं. तोरणाखाली बैल उभे. सरपंचानं माईक आणला होता. लढाई जिंकल्याबद्दल आधी घोषणा झाल्या, दोन झडत्या शत्रूला शिव्या देणाऱ्या झाल्या, त्यांना उत्तर जोरदार मिळालं. मग सुदामभाऊ पुढे झाला. डोक्याला नवा पांढरा रुमाल, हातात त्याच्या जोडीचा कासरा. लोक आधीच हसायला तयार होते. त्यानं माईक धरला आणि म्हटलं,

‘लढाई लागली टीव्हीत, गाव वाजवते टाळी,
ज्याचं लेकरू हद्दीवर, त्याच्या घरात नाई पोळी.
बैलाच्या खांद्याले हळद, बैलाच्या खांद्याले लोनी,
पोराच्या खांद्याले बंदूक, खांदा पाह्यला का कोनी?
चार सालाचा सालदार, मंग म्हनते घरी जाय,
लढा लढा म्हननाऱ्या, तुह्या घरचं तिथं कोन हाय?
एक नमन गवरा पारबती, हर बोला!’

कोणी बोललं नाही.

मी किती वेळ म्हणू? तेवढ्यात घागरमाळांचा आवाज दोन-तीनदा झाला असेल. सुदामभाऊनं वाट पाहिली. पुन्हा म्हणाला, ‘हर बोला!’ यावेळी आवाज जरा खाली आलेला. मी त्याच्यापासून पाच हातांवर होतो. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मग डावीकडे पाहिलं, सरपंच जमिनीकडे पाहत होता. उजवीकडे पाहिलं, एक पोरगा मोबाईल उंच धरून शूटिंग करत होता, आणि मी त्यात येईन असं मला वाटलं. मी तोंड मिटलं. एवढंच झालं. ना कुणी मला धमकी दिली, ना कुणी हात धरला. मी फक्त तोंड मिटलं.

बैल जागचे हलले नाहीत. त्यांना उत्तर ऐकू आलं नव्हतं ना. ढवळ्या कान टवकारून उभा होता.

मग मागून कुणीतरी ‘भारत माता की’ अशी आरोळी दिली आणि सगळं गाव सुटल्यासारखं ‘जय’ म्हणालं. त्यात सर्वांत मोठा आवाज सुदामभाऊचा होता. माईक त्याच्याच हातात होता, त्यामुळे त्याचा ‘जय’ पार शाळेपर्यंत गेला. पण मोबाईलवरचं शूटिंग त्याच्या आधीच थांबलं होतं. लोक पांगले, बैल ओढत ओढत घरी नेले. त्या वर्षी पोळा फुटला नाही, विरघळला.

दुसऱ्या दिवशी ती क्लिप जिल्हाभर फिरली. कुणी म्हणे याला पलीकडे पाठवा, कुणी म्हणे याच्या पोराला घरी पाठवा. ज्यांनी कधी आमच्या गावचा फाटा पाहिला नाही, त्यांनी सुदामभाऊच्या आईपर्यंतच्या शिव्या लिहिल्या. फाट्यावर रोशनचा जुना फ्लेक्स उन्हानं पांढरा पडलेला तसाच होता, त्याच्या खाली उभं राहून पोरं ती क्लिप पाहायची. गावात कुणी तोंडावर काही बोललं नाही. उलट जास्तच गोड वागायला लागले. मला ते शिव्यांहून घाण वाटलं, आणि मीही तेच करत होतो.

आठव्या दिवशी रोशनचा फोन आला. त्याला वरून कुणी काही विचारलं नव्हतं. पण बरोबरच्या एकानं क्लिप दाखवली होती, आणि कुणाला ठेवायचं याचा निकाल दोन महिन्यांवर होता. सुदामभाऊनं फोन स्पीकरवर टाकला. पोरगा रडत होता. ‘बाबा, तुमीच मले मोर्चात जाऊ दिलं नाई. तोंड बंद ठेव म्हनलं. मी ठेवलं ना बाबा. मंग तुमी काहून बोलले?’

पोरगा म्हणाला, ‘माफी मागा. त्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाका. मले याच्याशिवाय दुसरं काई येत नाई आता.’

माफी मी लिहिली. बी.ए. मीच ना. वांग्यात बुडी मारणारा. शुद्ध मराठीत लिहिली, ‘माझ्या बोलण्यामुळे देशवासीयांच्या भावना दुखावल्या असल्यास मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.’ सुदामभाऊनं कागद दोनदा ऐकला. विचारलं, ‘देशवासीय म्हंजे कोन?’

‘सगळेच भाऊ. देशातले सगळे.’

‘मंग त्यात मी बी आलो ना? रोशन बी आला?’

‘हो.’

‘मंग आमची माफी कोन मांगन?’

मी म्हटलं, भाऊ, म्हण लवकर, बॅटरी कमी आहे. बॅटरी भरलेली होती.

त्यानं ओट्यावर बसून, नवा रुमाल बांधून, माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहत ती माफी म्हटली. आयुष्यभर लोकांसमोर बोलला तो एकाच चालीत. त्यामुळे शेवटला शब्द झाला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘एक नमन गवरा पारबती, हर बोला...’ आणि तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर द्यायला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती, आणि तिथे तर कांतावयनींशिवाय कुणीच नव्हतं. मी म्हटलं, ‘भाऊ, हे चालनार नाई. पुन्हा घेऊ.’ दुसऱ्या वेळी त्यानं बरोबर म्हटलं. तीच आम्ही टाकली.

रोशनला ठेवलं नाही.

का नाही, ते कुणाला माहीत नाही. त्याच्याबरोबरच्या कितीतरी पोरांना ठेवलं नाही, त्यांच्या बापांनी तर कुठे तोंडही उघडलं नव्हतं. गुण कमी पडले असतील. जागाच तेवढ्या असतील. मी हे सगळं सुदामभाऊला समजावून सांगितलं. तो मान हलवतो. पण माणसाला कारण कळलं नाही की तो स्वतःलाच कारण करून टाकतो. रोशन गाडीतून उतरला तेव्हा फाट्यावर ट्रॅक्टर नव्हता. पेटी खांद्यावर घेऊन चालत आला. चार दिवस राहिला, बापाशी एक अक्षर बोलला नाही, आणि पुण्याला गेला. तिथे एका सोसायटीच्या गेटवर उभा असतो. गाड्यांना सलाम करतो. कांतावयनी म्हणाल्या, ‘उभं राह्याची सवय हाय त्याले, म्हनून ठेवलं.’

सुदामभाऊनं जोडी काढून टाकली. झडती सोडली. तोरणाखाली येत नाही. दोर मात्र वळतो. बैल नाहीत तरी वळतो, आणि लोक मागून नेतात.

यंदा खांद शेकून झाली आणि वाटीत थोडं लोणी उरलं. ती वाटी घेऊनच मी त्याच्याकडे गेलो. काय म्हणून वाटी नेली, मलाच ठाऊक नाही. तो ओट्यावर होता. मी म्हटलं, ‘भाऊ, उद्या ये. थेच झडती म्हन. डीजे बंद कराले लावतो. कोनी नाई तर मी एकटा उत्तर देतो. आईची आन.’

त्याचे हात थांबले नाहीत. म्हणाला, ‘पल्हाद, थे उत्तर त्या दिवशीचं होतं बे. त्या दिवशी एक जरी बोलला असता ना, तर मी माफी नसती मांगितली. पोराले सांगितलं असतं, की बाप खोटं बोलला नाई, गावात एक मानूस साक्षीले हाय.’

मी हातातली वाटी ओट्यावर ठेवली.

‘मी तुह्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. तू उघडलं होतं.’

‘हो भाऊ.’

‘मंग मिटवलं.’

त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. आतून कांतावयनी म्हणाल्या, ‘जाऊ द्या ना आता, सनाच्या तोंडावर.’ तो म्हणाला, ‘मी कुठं काय म्हनतो? तू बी.ए. हाय, एवढंच सांग. रोशनले ठेवलं नाई, थे माह्या झडतीपायी का कायच्यापायी? हो म्हन का नाई म्हन. एक काईतरी म्हन.’ मला दोन्ही म्हणता आलं नाही. वाटी तिथेच विसरून आलो.

परवा पोळा झाला. डीजेचं मशीन तोरणाच्या खांबाला टेकवलं होतं, त्याच्या धक्क्यानं आंब्याची पानं थरथरत होती. झडती कुणी म्हटली नाही, कुणी मागितलीही नाही. सरपंचानं नारळ फोडला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, झालं, पोळा फुटला म्हणाले. बाकीच्यांचे बैल निघाले. माझे दोघे जागीच उभे. ढवळ्या आता म्हातारा झाला आहे, नजर कमी आहे, पण कान तेच. त्याला अजून ऐकू यायचं होतं. कासरा ओढून ओढून मी त्याला तिथून काढला.

पोळ्याहून आलेले बैल घरोघरी पूजेला नेतात. मी आधी सुदामभाऊच्या दारात नेले. कांतावयनींनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळी दोघांच्या तोंडात दिली. सुदामभाऊ बाहेर आला नाही. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि फटीतून त्याच्या हातातल्या दोराचं टोक जमिनीवर हलताना दिसत होतं. वयनी म्हणाल्या, ‘थे नाई येत.’ मी दाराकडे तोंड केलं. माझ्या छातीत होता नव्हता तेवढा जोर लावला आणि ओरडलो, ‘हर हर महादेव!’

बैलांना वाटलं, आता पोळा फुटला. सकाळपासून तेवढ्याचीच तर वाट पाहत होते. ढवळ्यानं मान झटकली, सर्जानं उडी घेतली, वयनींच्या हातातलं ताट उडालं, आणि दोघे मला घेऊन घराच्या दिशेनं सुटले. कासरा मनगटाला वेढलेला, पाय चिखलात घसरत होते, मागे वळायला सवड मिळाली नाही. घागरमाळांचा एकच गदारोळ चालला होता. घरातून सुदामभाऊ काही बोलला असेल, तर ते मला ऐकू आलं नाही.